बजेट तीस हजार

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ कॅमेरा घेणार असतो. कधी घेणार, हे विचारायचं नसतं. 'आपलं बजेट तीस हजार' हे तो अशा ठामपणे सांगतो, जसं काही लोक गोत्र सांगतात.

त्याच्यासमोर चुकूनही मेगापिक्सेलचा विषय काढू नये. "मेगापिक्सेल काय विचारता? १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा केला, तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. सेन्सर विचारा, सेन्सर!" मग पाकीट निघतं. त्यात कागदाचे तीन चौकोन: खिशातल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर ६ मिलिमीटर रुंद, एपीएस-सी सुमारे २३, फुल फ्रेम ३६. हे चौकोन नीट मावावेत म्हणून बायकोचा फोटो पाकिटातून कपाटात गेला आहे.

तयारीत मात्र कसूर नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून हवाबंद डबा आणून ठेवलाय. घरात आलेल्या प्रत्येक बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी त्यात जमा होते. आता फक्त कॅमेरा यायचा राहिलाय.

फोर्टातल्या बोरा बाजारात तो शिरला की दुकानदार पोऱ्याला म्हणतो, "चहा एकच सांग." हा जुनी बॉडी मागतो, शटर काउंट विचारतो, लेन्स ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटतो, आणि बिलाशिवायचा माल स्वस्त पडेल असं ऐकलं की वॉरंटीवर प्रवचन देतो. तासाभरानं लेन्स पुसायचं फडकं घेऊन बाहेर पडतो. पक्कं बिल घेऊन.

"नवीन मॉडेल येऊ दे, जुन्याचा भाव पडतो," हे त्याचं सूत्र. ते खरंही आहे. फक्त भाव पडायची वाट बघताना कधीकधी मॉडेलच पडतं. निकॉनच्या डी३५०० वर त्याचं मन बसलं होतं. दिवाळीची सूट बघू, गुढीपाडव्याची बघू, असं करता करता निकॉननं तो बनवणंच थांबवलं. घरात त्या दिवशी कुणी गोडधोड केलं नाही.

गंमत म्हणजे सल्ला मात्र याच्यासारखा कुणी देत नाही. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी यादी घेऊन आली, तर त्यानं यादी बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "काढणार काय?"

"माणसं. आजी, घरातली कार्यं."

"मग झूमच्या नादी लागू नकोस. चांगल्या स्थितीतली जुनी बॉडी घे आणि ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स. कमी उजेडातही काम होईल, मागचं कपाट धूसर होईल, आजी उठून दिसेल. पैसे बॉडीत घालू नकोस. बॉडी जुनी होते, लेन्स टिकते."

मुलीनं रविवारी कॅमेरा आणला. पुढच्या रविवारी आजीचा फोटो दाखवायला आली. फोटो खरोखरच सुरेख होता. यानं तो लांब धरून, जवळ धरून पाहिला, कोपऱ्यातल्या शार्पनेसबद्दल एक शंका काढली आणि खूश झाला.

"काका, तुम्ही घेतल्यावर काय काढणार?"

काका प्रथमच अडखळले. मग पाकिटाकडे हात नेत म्हणाले, "ते कॅमेरा ठरला की बघू."