दिवाळी अंकासाठी हमखास कथा कशी लिहावी?

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला ऐन उकाड्यात दिवाळीची कथा लिहायची सवय लागली. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये लेखनाचं तंत्र सविस्तर सांगितलं आहे, पण ते वाचत बसलं तर संपादकांची मुदत टळते. म्हणून ही सोपी पद्धत.

१. विषय : शोधत हिंडू नये. मुलगा अमेरिकेत, आईवडील पुण्यात, मधे व्हिडिओ कॉल. यंदा वडिलांना विस्मरण द्यावं, पुढच्या वर्षी आईला.

२. सुरुवात : पावसाने करावी. तो नायिकेच्या मनातही पडतोय हे लगेच सांगून टाकावं. तिच्या हातात कॉफीचा मग असावा. चहा दिल्यास कथा ग्रामीण समजली जाते.

३. ग्रामीण कथाच मागितली असल्यास : ‘हाय’, ‘न्हाय’ सढळ हाताने पेरावं. गाव माणदेशातलं की मालवणातलं, या फंदात पडू नये. व्यंकटेश माडगूळकरांना ते जमलं, पण ते माणदेशातच वाढले होते. आपल्याकडे तशी सोय नाही.

४. तपशील : इथे फार जपावं. समजा, सुट्टे नाहीत म्हणून एसटीच्या कंडक्टरने म्हातारीच्या तिकिटामागे पेनाने ‘४ रु.’ लिहून दिले. ती ते तिकीट चष्म्याच्या डबीत ठेवते, दर थांब्याला डबी उघडून बघते, आणि तिचं गाव आल्यावर पिशव्या उतरवायच्या गडबडीत पैसे मागायचे राहून जातात. असलं काही हातून लिहिलं गेलं असेल तर ताबडतोब खोडावं आणि तिथे ‘गरिबांचं जिणं किती केविलवाणं असतं!’ हे वाक्य घालावं. वाचकाला म्हातारी दिसली की काय वाटायचं ते त्याचं तो ठरवतो, मग लेखकाला विचारतो कोण?

५. शेवट : कलाटणी हवीच. भयकथेत ‘अहो, पण ते तर गेल्या वर्षीच वारले!’ हे वाक्य वॉचमनच्या तोंडी द्यावं. इतर कथांत बेल वाजते, दारात तो उभा असतो, आणि पाऊस थांबलेला असतो.

६. पुनर्लेखन : ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन सूचनांसह कथा परत पाठवत, पुन्हा लिहायला लावत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. तेव्हा दुसरा खर्डा करायचं आता काही कारण उरलेलं नाही.

अंक बाजारात आल्यावर अभिप्रायाची वाट पाहू नये. वाचक आधी व्यंगचित्रं बघतात, मग राशिभविष्याकडे वळतात. तिथे आपल्या राशीला ‘लेखकांना अनुकूल काळ’ असं छापलेलं आढळल्यास तीच पोच समजावी आणि पुढच्या वर्षीच्या आईला लागावं.