इथं पूर्वी...

पुण्याच्या पेठांत गल्लीगणिक एक नाना असतात. त्यांना पत्ता विचारू नये. विचारलाच, तर म्हणतील, "सरळ जा, आर्यनवरून वळा." आर्यन टॉकीज 1983 साली बंद पडलं, तिथे आता वाहनतळ आहे, हे नानांना ठाऊक नाही असं नाही. पण ज्याला आर्यन माहीत नाही त्याचं मंडईत काम काय, हा त्यांचा सवाल. डिलिव्हरीवाला पोरगा मोबाइल चाचपतो तोवर त्याला कळलेलं असतं, की मंडई 1886ची, आणि गव्हर्नरसाहेबाच्या नावावरून तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. पार्सलमधला डोसा गार.

नाना राहतात वाडा पाडून झालेल्या सोसायटीत. (बिल्डरच्या कागदावर पहिली सही नानांचीच, पण हे त्यांच्यासमोर काढू नये.) मध्ये पंप जळाला. सभा भरली ती फ्लॅटमागे किती काढायचे यावर. नाना उठले ते थेट कात्रजला पोचले. नानासाहेब पेशव्यांनी तिथल्या तलावातून दगडी बांधणीचा भुयारी नळ आणून शहरातले हौद भरले, तेही नुसत्या उतारावर! "आणि तुम्हाला चौथ्या मजल्यावर पाणी नेता येत नाही?" उतारावर पाणी चढत नसतं, हे सांगायची सेक्रेटरींची छाती झाली नाही. सभा तहकूब झाली, टँकर आला.

पण नानांचा खरा प्रांत म्हणजे पानशेतचा पूर. 12 जुलै 1961. पाहुणा आला की त्याला शेजारच्या जुन्या भिंतीपाशी नेऊन ते हात टेकवतात, "इथपर्यंत पाणी!" आधी हा हात छातीच्या उंचीला असायचा. मग डोक्याशी गेला. हल्ली नाना टाचा उंचावून छत्रीचं टोक लावतात. पलीकडच्या गल्लीतल्या बापूंच्या मते त्यांच्याकडे पाणी याहून वर होतं. दोघांचं बोलणं बंद आहे.

परवा पाहुण्यांसमोर चहा ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही तेव्हा चार वर्षांचे. साताऱ्याला मामांकडे होतात. सासूबाईच सांगायच्या."

नानांनी चहा बशीत ओतला, एक फुरका मारला.

"म्हणूनच! इथं होते ते जीव मुठीत धरून पळत होते. त्यांच्या काय लक्षात राहणार?"