गुडघा तिचा, कळा अँकरले

पैलवानाचा गुडघा ऑपरेशननंतर बरा व्हायला महिनोन्‌महिने लागतात. चॅनेलवाल्यांकडे तोच गुडघा रात्री नऊला बरा होतो अन् दहाला परत निखळतो.

विनेश फोगटचंच बघा. ऑगस्ट 2023मध्ये तिच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, हांगझौचे आशियाई खेळ हुकले. पुढच्या ऑगस्टात तिनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये युई सुसाकीला हरवलं. सुसाकी म्हणजे तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणालाच न हरलेली पोरगी. फायनलच्या सकाळी वजनकाटा शंभर ग्रॅमांनी पुढे सरकला, ती अपात्र ठरली आणि 8 ऑगस्टला विनेशनं निवृत्ती जाहीर केली. झालं! त्याच दिवसापासून ‘परतणार का?’ सुरू. काका महावीर म्हणाले, मी समजावतो. ब्रेकिंग! तिच्या पत्रात 2032चा उल्लेख निघाला. पुन्हा ब्रेकिंग! मग ती जुलान्यातून आमदार झाली, आई झाली आणि 12 डिसेंबर 2025ला स्वतःच म्हणाली, लॉस एंजेलिस 2028साठी तयारी करतेय. लगेच सगळे छाती पुढे काढून सांगू लागले, ‘आम्ही आधीच म्हटलं होतं.’ म्हटलं होतंच ना! सोमवारी ‘येणार’ आणि मंगळवारी ‘नाही येणार’ म्हटल्यावर एक तर खरं निघणारच.

सौंसरच्या एका सलूनमध्ये भिंतीवर टीव्ही चालू होता. पडद्यावर गुडघ्याचं चित्र, भोवती लाल गोल, शेजारी लुकलुकणारा बाण. चर्चेला दोन प्रवक्ते, एक माजी क्रिकेटपटू आणि एक ज्योतिषी. हाडांचा डॉक्टर सोडून सगळे हजर. वस्तरा हवेत धरून कारागीर म्हणाला, “गुडघा तिचा, अन् कळा याले काऊन येऊन राहिल्या?”

आम्हाला पुनरागमनाचं एवढं अप्रूप नाही, त्याला कारण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. डोकं फुटलेला गडी काठावर येतो, पट्टी बांधून घेतो आणि पुन्हा पात्रात उतरतो. निवृत्ती अन् पुनरागमन एकाच दुपारी! त्याला कुणी माइक लावून ‘पुढची योजना काय?’ विचारत नाही. (विचारू पण नये. हातात गोटा असतो.)

आणि खाशाबा जाधव? कराडजवळच्या गोळेश्वरच्या या गड्यानं 1952ला हेलसिंकीत कांस्य आणलं. त्या वारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. 1956च्या मेलबर्नला खाशाबांना गुडघ्यामुळंच मुकावं लागलं. तोवर ते पोलीस खात्यात फौजदार झाले होते. त्या गुडघ्याभोवती कुणी लाल गोल काढला नाही. 1984ला अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

तेव्हा पत्रकारबंधूंनो, 2028ला अजून वेळ आहे. तोवर विनेशबद्दल विचारायचंच असेल तर एवढं विचारा : कोणत्या वजनगटात उतरणार, आधी कोणत्या स्पर्धा खेळणार, गुडघ्याला डॉक्टर काय म्हणतात. आणि ज्योतिष्याला घरी पाठवा.