ताजा मासा

(रंगमंचावर एक स्टूल, त्यावर स्टीलचा डबा. साठी ओलांडलेल्या बाई प्रवेश करतात. सुती साडी, पदर खोचलेला, वर खिसेच खिसे असलेलं मासेमारीचं जाकीट. एका हातात मासे पकडायची लांब दांडी.)

हसा, हसा. सूनबाईपण हसली होती. ह्याला मासेमारीचं जाकीट म्हणतात. खिसे किती, ते आमच्या मुलालासुद्धा ठाऊक नाही. एकात हात घातला तर चिमटा, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात गळ. आणि तो गळ लागला माझ्याच बोटाला! म्हणजे त्या अख्ख्या सफरीत सगळ्यात आधी गळाला लागले ती मी.

मी मालवणची. आमच्याकडे जून लागला की यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीची बोंब. सुक्यावर भागवायचं. नेमका त्याच महिन्यात मुलाचा अमेरिकेहून फोन. "आई, मिनेसोटाला ये. मासे पकडायला जाऊया." म्हटलं, देव पावला! नवसाशिवाय पावला!

म्हटलं, "समुद्र किती लांब रे तुझ्या घरापासून?" तर म्हणाला, "समुद्र नाही गं, तळी आहेत. दहा हजार. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं."

तळी! म्हणजे गोड्या पाण्याचा मासा. (चेहरा पाडून) मचूळ. पण मी काही बोलले नाही. तिकीट त्यानं काढलं होतं.

घरी पोचले. बघते तर गाडी अंगणात, पावसात. गॅरेजमध्ये सामान! मोठ्या माशाची दांडी वेगळी, छोट्या माशाची वेगळी. मोडली तर म्हणून आणखी एक, आणि ती मोडू नये म्हणून एक साधी. मी म्हटलं, "झिला, मासो खंय आसा?" तर म्हणाला, "आई, मासे तिकडे. हे गिअर."

त्यातच एक पेटी होती. तिच्यातला हा बघा. (खिशातून लाकडी मासा काढते.) हा खोटा मासा. पाण्यात असा लंगडत पोहतो, म्हणून खरा मासा फसतो. १९३६ साली फिनलंडमध्ये लॉरी रापाला नावाच्या एका गरीब कोळ्यानं हा कोरला. त्याचं म्हणणं, मोठा मासा घोळक्यातल्या दुबळ्या माशावरच झडप घालतो, तर आपण दुबळाच मासा करू. अहो, काय निरीक्षण! पण अमेरिकेत त्याचा गवगवा कसा झाला माहितीये? १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याच्यावर लेख आला. त्याच अंकात मरिलिन मन्रो गेल्याची बातमी. लोकांनी अंक घेतला बाईसाठी आणि मासा घेतला कायमचा. त्यातल्या एका रंगाचं नाव आहे फायर टायगर. हिरवा, पिवळा, नारिंगी, वर काळे पट्टे. मी मुलाला म्हटलं, "मासा काय सारस्वत बँकेच्या हळदीकुंकवाला चाललाय?"

आणि एवढे रंगीत मासे घेऊन वर आमिष कसलं? जळवा! विकत घेतलेल्या! (थांबून, प्रेक्षकांकडे बघत) आंबोलीला पावसात दहा पावलं चाललात तर घोट्यापर्यंत फुकट. आम्ही मीठ टाकून काढतो त्यांना. आणि इथे हा पैसे मोजून, डबीत घालून घरी आणतो, फ्रिजमध्ये ठेवतो. रोज सकाळी उठून त्यांचं पाणी बदलतो! जन्मदात्री आई चहासाठी बसलीये, आणि हा जळवांना विचारतोय, पाणी गार आहे ना?

तर निघालो. मी, मुलगा, सून आणि मुलाच्या ऑफिसातला एक गोरा. त्याला मी पावणा म्हणते, तो ओ देतो. पार उत्तरेला ईली म्हणून एक गाव आहे, त्याच्यापुढे बाउंड्री वॉटर्सचं रान. कॅनडाच्या हद्दीला लागून. दहा लाख एकरांहून मोठं, आत हजाराच्या वर तळी, आणि रस्ता? नाही. वीज? नाही. बहुतेक तळ्यांत मोटरची बोटही चालत नाही. आपण वल्हवायचं. १९६४ मध्ये त्यांनी कायदाच केला, की अशी रानं आहेत तशी ठेवायची. मला हे फार पटलं. आपल्याकडे तळं दिसलं की आधी भेळेची गाडी येते, मग पेडल बोट, मग नगरसेवकाचा फलक.

आत जायला परवाना. आणि परवान्याबरोबर नियम! एका टोळीत नऊच्या वर माणसं नकोत. पत्र्याचे डबे नकोत. काच नको. माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी तिथेच थांबली. नारळाच्या दुधाचे डबे थांबले. मी म्हटलं, "मग मी थांबू का?"

पण खरी गंमत पुढे. तिथे अस्वलं आहेत. काळी. त्यांचं नाक म्हणजे नाक. म्हणून ज्याला ज्याला वास आहे ते सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात बंद करायचं, नाहीतर झाडाला उंच टांगायचं. नुसतं खाणं नव्हे. दंतमंजन, साबण, मलम, सगळं. मुलानं विचारलं, "आई, तुझ्या बॅगेत वासाचं काय आहे?"

(हळूच स्टीलचा डबा उघडते, झाकण लावते.)

सुके बोंबील.

म्हणजे जूनचा महिना! सवय असते माणसाला! शिवाय मालवणी मसाला. तिरफळं. सोलं. भाजकं वाटण. सूनबाई पावण्याला समजावत होती, तो वाकला, त्यानं वास घेतला, आणि मागे सरला. म्हणाला, "हे अस्वलाला टाळण्यासाठी की बोलावण्यासाठी?" शेवटी सगळ्यांचं मिळून जेवण ज्या पिंपात बसणार होतं, ते पिंप बोंबलांना मिळालं. त्यांचं जेवण झाडाला. रात्री अस्वल आलंच तर माणसं तंबूत, पातळ कापडाआड. बोंबील किल्ल्यात!

आता वाहून नेणं. एक तळं संपलं की होडी, सामान, सगळं खांद्यावर घेऊन जंगलातून पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. ह्याला पोर्टाज म्हणतात. अंतर मोजतात रॉडमध्ये. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण आमच्या होडीएवढा, कनूएवढा लांब. मुलगा म्हणाला, "ऐंशी रॉड, पाव मैल, काहीच नाही." पण सामान दोन खेपांचं! म्हणजे जा, परत ये, पुन्हा जा. तेवढंच अंतर तीनदा. चिखल, दगड, मुळं, आणि डोक्याभोवती काळ्या माश्यांचा मेळावा.

ती पाठीवरची पिशवी बघा. १८८२ मध्ये डुलुथ गावच्या एका चांभारानं, कामिल पॉयरिए त्याचं नाव, कापडाच्या पिशवीचं पेटंट घेतलं. त्यात कपाळावरून पट्टा. वजन डोक्यानं ओढायचं. मला शिकवायला लागले. मी म्हटलं, "अरे, आमच्या कोळणी कधीच्या टोपल्या डोक्यावरनं नेतात, वर भाव सांगतात, वर भांडतात. पट्टा नाही, पेटंट नाही."

कनू मात्र मानली हं. केव्हलारची. वीसेक किलो, एकटा माणूस उलटी करून खांद्यावर घेतो. चालताना माणसाचं धड दिसतच नाही, पाय फुटलेली होडी चाललीये असं वाटतं. हे केव्हलार १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाईनं शोधलं. ह्याचंच गोळी न शिरणारं जाकीट करतात. गोळी चालेल. पण दगड चालत नाही! किनारा आला की मुलगा ओरडायचा, "दगडाला लावू नका! ओरखडा पडेल!" मग होडी ओरखडू नये म्हणून आम्ही गुडघाभर गार पाण्यात उतरायचं. होडी कोरडी, आई ओली.

संडासाचं मी सांगत नाही. (जाते, वळून परत येते.) सांगते. प्रत्येक मुक्कामाच्या मागे, रानात, एक आसन आहे. नुसतं आसन. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. समोर अरण्य. सून म्हणाली, "आई, निसर्गाशी एकरूप व्हा." मी म्हटलं, आधी तू हो, मी पाठ करून उभी राहते.

संध्याकाळी बसलो गळ टाकून. तिथला लाडका मासा वॉलआय, त्या राज्याचा राजमासा. त्याच्या डोळ्यात मागे आरसा असतो म्हणे, अंधुक उजेडात त्याला स्वच्छ दिसतं. म्हणून तो तिन्हीसांजेला जेवायला निघतो. आणि डास कधी निघतात? तिन्हीसांजेला. म्हणजे आम्ही त्याची वाट बघायची आणि त्यांनी आमची.

पावण्याकडे एक यंत्र होतं, पाण्यात आवाजाच्या लाटा सोडतं आणि खाली मासा असला की पडद्यावर कमान दाखवतं. कमानी दिसत होत्या. भरपूर. तो मला दाखवायचा. बघा, मासा! हा बघा, मासा! मासे सिनेमात होते, पातेल्यात एक नाही. आमच्या चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. पन्नास-साठ माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात, जो हात लावेल त्याला वाटा. तिथे पडदा नाही, कमान नाही. चार माणसं नुसती पाण्याचा रंग बघून सांगतात.

आणि लागला! मुलाची दांडी वाकली, पावणा ओरडला, जाळी खाली गेली, आणि वर आला वॉलआय. सोनेरी, हातभर! मी मनात तुकड्या पाडल्या. मुलानं माशाबरोबर फोटो काढला, ओली पट्टी लावून लांबी मोजली, पापी घेतली, आणि सोडला! पाण्यात!

"मेल्या! सोडलंस कित्याक?"

तर म्हणाला, "मोठी मादी आहे आई. अंडी घालते. ही राहिली तर तळं राहील." (विचार करून) पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. आमच्याकडे बारीक मासळी उचलतात त्याचं काय होतं ते मी बघितलंय. पण मग मी विचारलं, "जेवायला काय?" तर त्यानं पिशवी काढली. वर लिहिलेलं, गरम पाणी ओता, पास्ता तयार. म्हणजे गॅरेज भरून गिअर, विमान, होडी, जळवा, पाव मैल तीनदा, आणि तळ्याकाठी आम्ही खायचं वाळवलेला पास्ता!

तेवढ्यात पावण्याला लागला दुसरा मासा. लांबोडका, हिरवा, तोंडभर दात. नॉर्दर्न पाइक. पावण्यानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, "ह्याला दुहेरी काटे असतात, कोण खाणार?" आणि लागला सोडायला.

मी त्याचा हात धरला. (दांडी बाजूला ठेवून, पदर नीट खोचते.) अरे बाळा, आम्ही पेडवे काट्यासकट चावतो! आम्हाला काटा दाखवतोस?

त्याचा चाकू घेतला. पातळ, लवचीक, महागडा. त्यानं फक्त मांसाच्या पट्ट्या काढायच्या म्हणे, बाकीचं फेकायचं. डोकं फेकतात! अहो, डोकं! सूनबाईनं माझा चेहरा बघितला आणि पावण्याला म्हणाली, "काही बोलू नकोस." मी उभ्या-आडव्या चिरा दिल्या, बारीक काटे तिथेच तुटतात. मसाला, सोलाचं आगळ, लोखंडी जाळीवर तवा. डोक्याचं तिखलं. वर तिरफळं ठेचून. मचूळपणाला तिरफळासारखं औषध नाही, गोड्या पाण्यातला मासा पण वाटेवर येतो.

पावणा खाली बसला. पहिला घास घेतला. नाक गळायला लागलं. मी म्हटलं, पाणी देऊ का? तो म्हणाला, नको, भात द्या. काटे एकेक काढून दगडावर रांगेत मांडत होता, एक शब्द नाही. उरलेलं खरकटं पाणी आम्ही चाळणीतून गाळलं, तळ्यापासून लांब नेलं, अस्वलासाठी थेंब ठेवला नाही. अस्वलासाठी उरायला हवा होता ना!

मग पावण्यानं फोन काढला. म्हणाला, "पुढच्या वर्षी ह्यासाठी काय गिअर लागेल ते सांगा." आणि प्रत्येक गोष्टीचं वजन विचारायला लागला. ही माणसं ग्रॅमवर जगतात, पाठीवर भार नको म्हणून दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा कापतात. तिरफळं? मूठभर, काही वजन नाही. सोलं? हलकी. मसाला? पुडी. म्हटलं, पण वाटण ताजं हवं तर नारळ लागेल, आणि तो खोवायला आडोळी. काय असतं ते? मी त्याला वाळूत काढून दाखवलं. खाली पाट, पुढे लोखंडी पातं, टोकाला दाते, आपण पाटावर बसायचं. वजन म्हणशील तर चांगलं तीन-चार किलो.

तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. हिशेब करत होता. मग म्हणाला,

"केव्हलारमध्ये मिळेल?"

(डबा उचलून काखेत मारते. प्रकाश जातो.)