ट्रेलरपंत

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या रांगेत मागून प्रश्न येतो, "तुमच्या गाडीची टोइंग कपॅसिटी किती हो?" तुमचं सगळं लक्ष पुढच्या माणसाने किती मोदक वाढून घेतले याकडे. गाडीने आपल्याला ऑफिसात नेऊन आणावं, यापलीकडे तुम्ही तिच्याकडून आजवर काही मागितलेलं नसतं. तुम्ही "माहीत नाही" म्हणता आणि फसता. जेवणं झाल्यावर हे गृहस्थ तुमच्याबरोबर पार्किंगपर्यंत चालत येतात, ड्रायव्हरचं दार उघडायला लावतात, दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचतात आणि म्हणतात, "अरेरे."

हे ट्रेलरपंत.

परदेशातल्या मराठी वस्तीत पंतांचे अनेक प्रकार आहेत. शेअरपंत आहेत, मॅरेथॉनपंत आहेत, उणे तापमानात कढीपत्ता जगवून दाखवणारे बागपंत आहेत. ट्रेलरपंत त्या मानाने अलीकडचे. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सांगलीला किंवा कराडला, नोकरी सॉफ्टवेअरची, घर बे एरियात आणि घराचे हप्ते निम्म्याच्या पुढे सरकलेले. म्हणजे काळजी करायची मुख्य सोयच आयुष्यातून हळूहळू निघून चाललेली. अशा नाजूक वयात माणूस ट्रेलर घेतो, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर.

त्याआधी तंबूचा काळ होऊन गेलेला असतो. रात्री दोन वाजता धाकट्याला शू लागते, टॉर्च सापडत नाही, झोपेची पिशवी उघडत नाही, पहाटे पाऊस येतो आणि सकाळी पंतांची कंबर धरते. वहिनी शांतपणे जाहीर करतात, "यापुढे मी जमिनीवर झोपणार नाही." पंत त्याच रात्री वाचायला बसतात. वॉली बायमने 1930च्या दशकात चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमचा एअरस्ट्रीम ट्रेलर कसा बनवला इथपासून इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आज ट्रेलर कसे तयार होतात इथपर्यंत. घेतलेल्या ट्रेलरची लांबी असते 23 फूट 10 इंच. ही दहा इंचांची भानगड कशासाठी, ते पुढे कळेल. घरापुढे ट्रेलर उभा करायला वस्तीच्या नियमांत बंदी असते. म्हणून तो गावाबाहेरच्या एका यार्डात महिन्याच्या भाड्याने राहतो आणि दर रविवारी पंत त्याला भेटून येतात.

आता त्या पिवळ्या स्टिकरकडे वळू. विक्रेता सांगतो, "तुमचा ट्रक नऊ हजार पौंड ओढेल." पंत हसतात. ओढेल हो, पण पाठीवर किती घेईल? स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून 1,500 पौंडांची मर्यादा लिहिलेली असते. भरलेला ट्रेलर 5,500 पौंडांचा. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवाटे ट्रकवर यायलाच हवा. तो कमी पडला तर हायवेवर ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं. बारा टक्के धरले तर झाले 660. जोडणीच्या हिचचे 100. कुटुंबाचे 560. उरले 180. त्यातून चार सायकली वजा करा. उरलेल्या सत्तर पौंडांत संसार बसवायचा, म्हणून पंत बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणून ठेवतात आणि कुकर, खलबत्ता, तांदळाची पिशवी एकेक करून त्यावर चढवतात.

"यात माझं वजन धरलंस का?" वहिनी विचारतात.

"धरलं की."

"किती?"

इथे अनुभवी माणूस विषय बदलतो. पंत अभियंते असल्यामुळे खरा आकडा सांगतात, आणि ती सहल जरा गप्प गप्पच सुरू होते.

तांदळाची पिशवी शेवटी जाते ती ट्रेलरमध्ये, चाकांच्या आसाच्या वर, अगदी खाली. जड वस्तू खाली आणि आसाजवळ. मागच्या टोकाला काही म्हणजे काही नाही. एवढं करून भागत नाही. निघाल्यावर पहिला थांबा असतो ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर. अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत पंत आपला छोटा संसार घेऊन उभे राहतात, पैसे भरतात, वजनाची चिठ्ठी घेतात आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या फायलीत लावतात.

रस्त्यावर पंतांचं वागणं अत्यंत सभ्य. कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. ती मनापासून पाळणाऱ्या मोजक्या लोकांत पंत येतात आणि त्यांच्या मागे अडकलेल्या गाड्यांतले लोक त्यांची नोंद घेत जातात. उतार आला की ब्रेकवर पाय दाबून न ठेवता पंत खालचा गिअर टाकतात, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मोठा ट्रक बाजूने गेला आणि ट्रेलर डुलायला लागला, तर करकचून ब्रेक मारायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. हे सगळं ते चालवता चालवता सांगतात. थोरली इअरफोन लावते. धाकटा विचारतो, "बाबा, आर वी देअर यट?" पंत म्हणतात, "टायर बघायला थांबू, मग सांगतो." टायरवर शेवटचे चार आकडे 2321 असतील तर तो 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला, हे धाकट्याला पाढ्यांआधी पाठ झालेलं असतं. ट्रेलरचा टायर नक्षी न झिजताही वयाने म्हातारा होतो. पाच-सहा वर्षांत बदललेला बरा.

आता ते दहा इंच. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर जास्तीत जास्त 24 फुटांचा चालतो. तिथलं आरक्षण पाच महिने आधी, महिन्याच्या पंधरा तारखेला, सकाळी सात वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. त्या दिवशी घरातले सगळे लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडलेले असतात, आणि सहा एकोणसाठला घरात कोणी शिंकलेलं चालत नाही. बाकीचे अमेरिकन कॅम्पर यात हरतात. पंत सहसा हरत नाहीत, कारण त्यांची उमेदवारी गणपतीच्या कोकणकन्येचं तिकीट काढण्यात झालेली आहे.

पण आरक्षण मिळणं वेगळं आणि त्या जागेत ट्रेलर मागे घेणं वेगळं. उलटा नेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या विरुद्ध दिशेला वळतो. त्यावरची युक्ती पंतांना माहीत आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग हात जिकडे तिकडे ट्रेलर. वहिनी मागे उभ्या राहून खुणा करतात. आरशात त्या दिसेनाशा झाल्या की तिथल्या तिथे थांबायचं, हाही नियम. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून दोघांकडे वॉकीटॉकी. आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसतात.

"डावीकडे घे."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तू माझ्याकडे तोंड करून उभी आहेस!"

"अहो, झाड आहे मागे!"

एरवी वहिनी पंतांना अरे-तुरे करतात. त्यांच्या तोंडून 'अहो' आलं की समजावं, झाड फार जवळ आहे. या प्रसंगातून जो करार निघाला तो पंत प्रत्येक नवशिक्याला बजावतात: डावं-उजवं बोलायचं नाही, 'ड्रायव्हरची बाजू' आणि 'दाराची बाजू' एवढंच म्हणायचं. अंधार पडायच्या आत पोचायचं. आणि शंका आली तर खाली उतरून स्वतः बघायचं, त्यात कमीपणा नाही.

ट्रेलर जागेवर आला की यादी सुरू होते. लॅमिनेट केलेली, गळ्यात अडकवलेली. आधी आडवी पातळी, मग चाकांना ठोकळे, मगच ट्रकपासून सोडवायचा, त्यानंतर पुढच्या जॅकने उभी पातळी. चार कोपऱ्यांवरचे पाय सगळ्यात शेवटी, कारण ते ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नव्हे. मध्ये कोणी बोललं तर यादी पहिल्यापासून. हा नियम लाखमोलाचा आहे, कारण ठोकळे विसरतात ते गप्पांच्या नादातच. फक्त कॅम्पग्राउंडवरचे अमेरिकन शेजारी फार गप्पिष्ट असतात. कोणी "नाइस ट्रेलर!" म्हणत आला की पंत प्रसन्न हसतात, आभार मानतात आणि पुन्हा आडव्या पातळीवर येतात.

वीज-पाण्याची जोडणी असलेल्या ठिकाणी वेगळा पेच. ट्रेलरला 30 अँपिअरची वायर, म्हणजे सगळी मिळून 3,600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की अंधार. तेव्हा खिचडी हवी की गारवा, हे आधी ठरवावं लागतं. फोडणी आत करायची नाही, हे मात्र आधीच ठरलेलं आहे. मोहरी तडतडताच छतावरचा धुराचा गजर असा काही कोकलतो की चार ट्रेलरांपलीकडचा माणूस अग्निशामक घेऊन धावत येतो. म्हणून शेगडी बाहेर. आणि योसेमिटीत अस्वलांचा मान राखायचा, म्हणजे जेवण झाल्यावर वास येणारी एकही वस्तू बाहेर किंवा गाडीत विसरायची नाही. टूथपेस्टसुद्धा. लसणीच्या चटणीचं तर नावच काढू नका.

पंतांचा खरा कस लागतो तो टाक्यांपाशी. ट्रेलरला तीन टाक्या: पिण्याच्या पाण्याची, सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची आणि तिसरी. तिसरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि मागे डोंगर उरतो. ती बऱ्यापैकी भरली की आधी ती रिकामी करायची, मग सांडपाण्याची, म्हणजे जाता जाता पाइप धुऊन निघतो. या विषयात पंतांना एक सांस्कृतिक अभिमानही आहे. "त्या टाकीला हवं असतं भरपूर पाणी आणि कमी कागद. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही," ते म्हणतात. फक्त जिथे जोडणी नाही तिथे ताज्या पाण्याची टाकी याच सवयीमुळे लवकर आटते, हे वाक्य वहिनी पूर्ण करतात.

पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा. घाणीचा पाइप वेगळ्या रंगाचा, वेगळ्या खणात, वेगळ्या हातमोज्यांनी हाताळायचा. हा त्यात मिसळायचा नाही, तो याला लागता कामा नये, लागलाच तर धुवा. कॉलेजात असताना आजीच्या सोवळ्या-ओवळ्यावर तावातावाने वाद घालणारा हा माणूस आज पांढऱ्या पाइपला धाकट्याचा बूट लागला म्हणून अर्धा तास जंतुनाशक घेऊन बसतो. भारतातून आलेल्या त्याच्या आईला या सगळ्या सहलीतलं एवढंच नीट समजतं आणि पटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चमत्कारिक वेळ येते. ट्रेलर सपाट, बॅटरी भरलेली, टाक्या रिकाम्या, मुलं नदीवर, समोर अर्धा मैल उंचीचा ग्रॅनाइटचा कडा. पंतांना खुर्चीत बसवून हातात चहा दिलेला असतो. पाच मिनिटं जातात. पंत पाय हलवतात. कड्याकडे बघतात, ट्रेलरच्या कडेला उघडलेल्या चंदेरी छत्रीकडे बघतात, वारा सुटला तर ती गुंडाळावी लागेल म्हणतात. वारा सुटत नाही. चेहरा पडत जातो. आणि अचानक मान वर होते: "टपटप ऐकू येतंय का?" डोळ्यांत तेज येतं. टॉर्च आणि पाना घेऊन पंत सिंकखाली शिरतात, आणि आतून शीळ ऐकू येऊ लागते. मराठी मध्यमवर्गीय माणसाला काळजीवाचून सुट्टी म्हणजे सुट्टी वाटत नाही. ट्रेलर ती काळजी पुरवतो, तीही आकड्यांत मोजता येणारी आणि पान्याने सोडवता येणारी. मुलीचं कॉलेज, आईचे गुडघे, नोकरीतली कपात, यांतल्या कशालाच पाना बसत नाही.

मग मुलं मोठी होतात. बंकवर झोपणारी थोरली बॉस्टनला जाते, धाकटा मित्रांबरोबर, आणि तंबू घेऊन जातो. रिकाम्या बंकवर सुटे व्हॉल्व्ह, फ्यूज आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून भरायच्या गुलाबी अँटीफ्रीझचे डबे येऊन बसतात. गणेशोत्सवात कोणी हितचिंतक सुचवतो की आता विकून टाका, यार्डाचं भाडं तरी वाचेल. पंत गोंधळून वहिनींकडे बघतात.

"मुळीच विकायचा नाही," वहिनी पुरणपोळीवर तूप घेत म्हणतात. "ट्रेलर गेला तर ही सगळी काळजी तो माझी करेल."