परक्याच्या शेतातून, हक्कानं

इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडन ते ब्रॉडवे या दोन गावांमधलं अंतर नऊ-दहा किलोमीटर. मोटारीनं जेमतेम पंधरा मिनिटं. आम्ही चालत जायचं ठरवलं. म्हणजे भाच्यानं ठरवलं आणि आम्ही बूट घातले. १६२७ सालचा, मधाच्या रंगाच्या दगडांचा बाजाराचा मांडव मागे पडला, आणि लाकडी खांबावरच्या पिवळ्या बाणानं आम्हाला थेट कुणाच्या तरी शेतात नेऊन सोडलं.

माझा पाय पुढे पडेना. आपल्याकडे हातभर बांध कोरला म्हणून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आणि इथं उभ्या पिकातून मळलेली पायवाट! "चला हो मामा, हक्काची वाट आहे," भाचा म्हणाला. वाट सार्वजनिक ठरलेली असली की जमीन कुणाचीही असो, चालणाऱ्याला अडवता येत नाही. शेतकऱ्यानं नांगरलीच, तरी पुन्हा नीट करून द्यायची. अर्थात सगळंच काही गोडीगुलाबीनं मिळालेलं नाही. १९३२ साली किंडर स्काउटच्या, लोकांना बंद असलेल्या माळावर हिंडायच्या हक्कासाठी शेकडो कामगार पोरं मुद्दाम घुसली, राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. मोकळ्या माळावर हिंडायचा कायदा व्हायला २००० साल उजाडलं.

खरी परीक्षा फाटकाची. अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, फाटक उलट ढकलायचं आणि निसटायचं. मेंढीला हे जमू नये अशी योजना. पाठीवरच्या सॅकसकट मलाही जमेना, आणि पलीकडच्या मेंढ्या रवंथ करत शांतपणे बघत होत्या.

वाटेत डोव्हर्स हिल. सतराव्या शतकात सुरू झालेले खेळ इथं अजून भरतात, आणि त्यात विजारीत पेंढा कोंबून एकमेकांच्या नडगीवर लाथा मारायची रीतसर स्पर्धा असते. एरवी धक्का लागला तरी आधी आपणच 'सॉरी' म्हणणाऱ्या माणसांना एवढी मोकळीक हवीच.

शेवटी ब्रॉडवे टॉवर. दिसायला किल्ला, पण इथं ना राजा राहिला ना लढाई झाली. या टेकडीवर पेटवलेला जाळ वीसेक मैलांवरच्या आपल्या घरातून दिसेल का, असं लेडी कॉव्हेंट्रींच्या मनात आलं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मनोरा उभा राहिला. इतका निवांत रिकामटेकडेपणा मला तरी मनापासून पटला.

तुम्ही गेलात तर छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटते. आणि शेतातलं फाटक मागे आठवणीनं लावून घ्या.