उन्हाळेभाऊ

यवतमाळात होळी आटोपली की दोघे बाहेर निघतात : माळ्यावरचा कूलर आणि उन्हाळेभाऊ. कूलरला नवा वाळा लागतो, भाऊंना नवे कपडे.

हे कुणा एकाचं नाव नव्हे. आर्णी रोडपासून धामणगाव रोडपर्यंत कोणत्याही ले-आऊटात शिरा, एक तरी सापडतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे, पोट पलीकडे. डॉक्टर फक्त "सकाळी चालत जा" म्हणालेले असतात. भाऊ आधी मोबाईल उघडतात, चालायचं मागाहून पाहू. मग रोज एक पार्सल : घाम शोषणारा टी-शर्ट, नुसत्याच बाह्या, मानेवर पडदा सोडलेली टोपी आणि खिसेच खिसे असलेली पँट. त्यातल्या एका खिशात वहिनी ऊन लागू नये म्हणून गुपचूप कांदा टाकतात. पोस्टल ग्राऊंडवर भाऊ बुटाची लेस बांधायला वाकले, की तो टुणकन खाली पडून घरंगळतो.

"भाऊ, कांदा पडला ना तुमचा!"

"मिसेसचा आहे," भाऊ म्हणतात.

जिल्हा कापसाचा. इथला कापूस न्यायला इंग्रजी कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत नॅरोगेज टाकली, तीच आपली शकुंतला. त्या जिल्ह्यात भाऊ पॉलिस्टर घालून हिंडतात आणि मांजरपाटाच्या बंडीतले आबाजी ओसरीवरून विचारतात, "काऊन बे, पन्नी घातली का अंगात?"

आबाजींचं शास्त्र पक्कं आहे. मेमध्ये पारा 45च्या आसपास, हवा ठणठणीत कोरडी. सुती दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला की पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पॉलिस्टर पाणी धरतच नाही, मग थंडावा टिकणार किती? दुपट्टा बांधायचीही रीत आहे. कपाळावरून घ्यायचा, दोन्ही कान झाकायचे, नाकावरून फिरवून टोक मागे घट्ट खोचायचं. डोळे तेवढे उघडे. उधारीवालाही ओळखत नाही, हा वरचा फायदा.

भाऊंचा खरा कस लागतो टिपेश्वरच्या सफारीत. जंगलात मातकट रंग घालावेत, हे त्यांना ठाऊक असतं. पण भगभगीत नारिंगी टी-शर्टवर निम्मी सूट होती. गाईड हळूच म्हणतो, "भाऊ, वाघ राहू द्या, तुम्हीच लांबून दिसून राह्यले." याच टिपेश्वरचा एक वाघ 2019 मध्ये निघाला आणि 1300 किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोही एकाच पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात! भाऊंची अजून लोहाऱ्यापर्यंतची पायपीट व्हायची आहे.

पण भाऊंवर अन्याय नको. मृग लागला, एखादी सर येऊन गेली, की हवा दमट होते. घाम वाळत नाही, कूलर लावला तर चिपचिप आणखी वाढते. आबाजींची बंडी दिवसभर ओलीच्या ओली, अंगाला चिकटलेली. तेव्हा भाऊंचा तो टी-शर्ट खरोखर कामाचा, कारण तो सुतापेक्षा लवकर वाळतो. नेमकं तेव्हाच भाऊंचं चालणं बंद असतं. रेनकोटाचं पार्सल यायचं असतं ना!

तेव्हा मंडळी, मे महिन्यात आमच्याकडे याल तर सैल, सुती, पूर्ण बाह्यांचं घालून या. दुपट्टा बाजारात कुठेही मिळेल. बांधायचा कसा, ते आबाजींना विचारा. भाऊ लिंक पाठवतील.